रब्बी आयुष्यभर ख्रिश्चनांशी संवाद करतो म्हणजे नेमकं करतो तरी काय?

धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय, रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, मग काही रब्बी सगळी हयात ख्रिश्चनांशी संवाद करण्यात घालवतात म्हणजे रोज उठून करतात काय, याला करिअर म्हणता येतं का, आणि नुसतं बोलून कधी काही बदललंय का.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. गेली बावीस वर्षं जेरुसलेमला येणाऱ्या फादर, सिस्टर आणि सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या, मुलांबरोबर तोराह (ज्यूंचा पवित्र ग्रंथ) वाचायचे गट चालवते. रब्बी नाही मी, पण हेच काम करणाऱ्या रब्बींच्या शेजारी बसून शिकलेय, त्यांचे ड्राफ्ट टाईप केलेत, त्यांना आपल्याच लोकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागतं तेही पाहिलंय. म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. हो, बदलतं. पण गोड बोलून नाही बदलत. चहा-बिस्किटं, दिवा लावणे, सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणून टाळ्या, याने काहीही बदलत नाही, आणि ज्याला हे काम म्हणून करायचंय त्याने पहिल्याच दिवशी हे समजून घ्यावं. एखादं वाक्य प्रार्थनेतून, पाठ्यपुस्तकातून, ठरावातून काढायचं असतं किंवा घालायचं असतं आणि त्या एका वाक्यासाठी माणूस पाच-पाच वर्षं अडून बसतो, आणि तेही समोरच्याशी मैत्री न तोडता. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

अब्राहम जोशुआ हेशेल नावाच्या एका रब्बींच्याच गोष्टीतून सांगते, कारण त्यांच्या बाबतीत हे अगदी स्वच्छ दिसतं. पण आधी मागचं थोडं.

चर्चमध्ये शेकडो वर्षं शिकवलं जायचं की येशूला ज्यूंनी मारलं, म्हणून देवाने त्यांना टाकलं. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत सगळ्यांसाठी प्रार्थना व्हायच्या, त्यात एक ज्यूंसाठी होती आणि तिच्यात त्यांना जे लॅटिन विशेषण लावलेलं होतं त्याचा मूळ अर्थ भले 'विश्वास न ठेवणारे' असेल, ऐकणाऱ्याला ते 'विश्वासघातकी' असंच ऐकू यायचं. आणि बाकीच्या प्रार्थनांना लोक गुडघे टेकायचे, ज्यूंच्या प्रार्थनेला तेवढे टेकायचे नाहीत. विचार करा, आठ वर्षांचं पोर चर्चमध्ये आईच्या शेजारी आहे, सगळे वाकतायत, उठतायत, वाकतायत, आणि या एका प्रार्थनेला सगळे ताठ उभे. त्याला कोणी काही शिकवायची गरजच नाही, त्याच्या गुडघ्यांनाच समजतं. ते गुडघे टेकणं १९५५ मध्ये परत आलं आणि तो शब्द १९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी काढून टाकला. म्हणजे होलोकॉस्ट, नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, होऊन गेल्यावर चौदा वर्षांनी.

त्यानंतर १३ जून १९६० ला झ्यूल इझाक नावाचे एक म्हातारे फ्रेंच इतिहासकार त्याच पोपना भेटायला गेले. बायको आणि मुलगी ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेलेल्या. या माणसाने युद्धात लपूनछपून राहून चर्चची शिकवण आणि ज्यूद्वेष यांचा संबंध शोधून काढला होता आणि त्याला 'तिरस्काराची शिकवण' असं नाव दिलं होतं. निघताना त्यांनी पोपना विचारलं, मी थोडी आशा घेऊन जाऊ का, तर पोप म्हणाले, आशेपेक्षा जास्त मिळायचा तुमचा हक्क आहे. आणि खरंच काही महिन्यांत त्यांनी कार्डिनल ऑगुस्टिन बेआ यांना सांगितलं की येणाऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेसाठी, ज्यूंबद्दल एक मसुदा तयार करा. बेआ जर्मन, जेझुइट म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातले, बायबलचे पंडित, वय तेव्हा एकोणऐंशी.

आता हेशेल. जन्म १९०७, वॉर्सा, हसिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाच्या रब्बींच्या घराण्यातले, म्हणजे लहानपणापासून लोक हा पुढे गादीवर बसणार म्हणून बघायचे. ते सोडून बर्लिनला गेले, तत्त्वज्ञान शिकले, हिब्रू संदेष्ट्यांवर डॉक्टरेट केली. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये नाझींनी फ्रँकफर्टमधून उचलून पोलंडला हाकललं. युद्ध सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी वॉर्सातून बाहेर पडता आलं, लंडन, मग १९४० मध्ये अमेरिका. आई आणि तीन बहिणी मागे राहिल्या, त्यातली एकही वाचली नाही. पुढे ख्रिश्चन श्रोत्यांसमोर बोलताना ते ही सहा आठवड्यांची गोष्ट सांगायचे, रडगाणं म्हणून नाही, मी कुठून आलोय ते आधी समजून घ्या आणि मग माझ्याशी बोला, म्हणून.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ते रोमला जाऊन बेआंना भेटले. दोघांची गट्टी जमली कशावरून, तर बायबलवरून! बेआंना हिब्रू उत्तम येत होतं. हे मी माझ्या गटातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते, कारण लोकांना वाटतं संवादाला प्रेम लागतं, तर प्रेम नंतरचं, आधी अभ्यास लागतो, समोरच्याची भाषा येणं लागतं. मग मे १९६२ मध्ये हेशेलनी अमेरिकन ज्यूईश कमिटीच्या वतीने एक मेमोरँडम पाठवलं. ज्यूंवरचा देवहत्येचा, म्हणजे येशूला मारून देवालाच मारल्याचा, आरोप काढा आणि ज्यूंना ज्यू म्हणून माना, पुढेमागे ख्रिश्चन होतील म्हणून नव्हे, हा त्याचा गाभा.

गंमत बघा, पहिली मागणी मान्य करायला चर्चमध्ये खूप लोक तयार होते. ऑशविट्झ डोळ्यासमोर होतं. दुसरी मागणी खरी अवघड, कारण ती मान्य केली तर मिशनरी कामाचं काय, सगळ्या जगाला सुवार्ता सांगा या आज्ञेचं काय. हा त्यांच्या दृष्टीने खोटा प्रश्न नव्हता, आणि आपण तो खोटा आहे असं समजून बोलायला गेलो की संवाद तिथेच संपतो.

यात एक प्रसंग आहे जो मला फार जवळचा वाटतो. जानेवारी १९६४, न्यूयॉर्क, फादर गुस्ताव वायगेल नावाचे जेझुइट हेशेलच्या अभ्यासिकेत रात्री बसलेले. परिषदेशी संबंधित मोठा माणूस. दोघं मनातलं बोलले, प्रार्थना केली, आणि हेशेलनी त्यांना विचारलं, की खरंच देवाची इच्छा आहे का की जगात ज्यू धर्मच उरू नये, घरात मोशेचे नियम कोणी पाळू नयेत, सिनगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, तोराह वाचली जाऊ नये, आणि ज्यू नसलेलं जग हे खरंच देवाच्या जास्त मोठ्या गौरवाचं होईल का. हे 'देवाच्या जास्त मोठ्या गौरवासाठी' म्हणजे जेझुइटांचं स्वतःचं ब्रीद. त्यांचंच वाक्य उचलून, आदराने, त्यांच्यापुढे ठेवलं. वायगेल दुसऱ्या दिवशी वारले. हेशेलनी ही आठवण पुढच्या वर्षी जाहीर व्याख्यानात सांगितली.

मला विचाराल तर इंटरफेथ, म्हणजे आंतरधर्मीय संवाद, म्हणजे तो प्रश्न. त्यात 'आपण सगळे एकच' हे कुठेही नाहीये. उलट आपण वेगळे आहोत आणि मी वेगळा राहिलो तर तुझ्या देवाचं काही कमी होतं का, असा सरळ प्रश्न आहे.

मग सप्टेंबर १९६४ मध्ये वर्तमानपत्रात मसुद्याची बदललेली आवृत्ती फुटली. मधल्या काळात जॉन तेविसावे वारले होते, अरब देशांचा दबाव होता, परिषदेतल्या सनातनी बिशपांचा विरोध होता, आणि नव्या मसुद्यात देवहत्येचं कलम पातळ केलेलं आणि वर एक वाक्य घातलेलं की ज्यू लोक एक दिवस चर्चमध्ये सामील होतील अशी आशा आहे. हेशेल भडकले. त्यांनी लेखी निवेदन काढलं, त्यात म्हटलं की धर्मांतर की मरण असं निवडायची वेळ आली तर मी केव्हाही ऑशविट्झला जायला तयार आहे. ज्या माणसाची आई आणि बहिणी गेल्यात तो ऑशविट्झ हा शब्द उगाच वापरत नाही. आणि योम किप्पूर, ज्यूंचा सगळ्यात पवित्र उपासाचा दिवस, तोंडावर असताना, जेव्हा प्रत्येक ज्यू घरी असतो, तेव्हा विमानात बसून रोमला गेले आणि १४ सप्टेंबरला पोप पॉल सहावे यांना भेटून ते वाक्य काढा म्हणून सांगितलं. जवळच्या लोकांनीसुद्धा नको जाऊ म्हटलं होतं, पोपच्या दारात रब्बीने हात पसरायला का जावं म्हणून.

महिनाअखेरीला परिषदेत चर्चा झाली, बऱ्याच बिशपांनी, विशेषतः अमेरिकन कार्डिनलांनी, पातळ केलेल्या मसुद्यावर उघड टीका केली. पुढे वर्षभर खेचाखेच. २८ ऑक्टोबर १९६५ ला 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी पास झाला. येशूच्या वेळच्या सगळ्या ज्यूंना किंवा आजच्या ज्यूंना त्याच्या मृत्यूसाठी जबाबदार धरता येणार नाही, ज्यूंना देवाने टाकलेलं किंवा शापलेलं असं दाखवायचं नाही, हे त्यात आलं. काय नाही आलं तेही सांगते, 'देवहत्या' हा शब्द नाही आला, माफी नाही आली, होलोकॉस्टचा उल्लेख नाही, आणि ज्यूद्वेषाचा 'धिक्कार' करायच्या ऐवजी मऊ क्रियापद वापरलं.

पण सामील होतील वालं वाक्य गेलं! त्याच्या जागी जे आलं त्यातलं बायबलचं वचन मी गटात नेहमी मूळ हिब्रूतून वाचून दाखवते. चर्च अशा दिवसाची वाट बघतं, जो फक्त देवाला माहीत आहे, जेव्हा सगळे लोक एका आवाजात प्रभूला हाक मारतील आणि 'खांद्याला खांदा लावून' त्याची सेवा करतील. हे सफन्या संदेष्ट्याचं वचन, तिसरा अध्याय, नववी ओवी. हिब्रूत शब्द आहे 'शेखेम एखाद', शब्दशः 'एक खांदा', एकाच जुवाखाली दोन बैल असतात तसं. म्हणजे चर्चने आपली आशा ज्यूंच्याच संदेष्ट्याच्या शब्दांत मांडली, आणि खांद्याला खांदा लावायला तुम्ही माझ्या आत शिरावं लागत नाही, शेजारी उभं राहिलं की पुरतं. हे वाक्य हेशेलनी लिहिलेलं नाही, मसुदा लिहिणाऱ्यांनी शोधलं, त्यातले एक-दोघं जन्माने ज्यू असलेले पाद्री होते हेही लक्षात ठेवा. हेशेलमुळेच सगळं झालं असं म्हणणं चूक. पण कोणीतरी बाहेरून येऊन ठामपणे नाही म्हटलं नसतं तर आतल्या लोकांना ते वाक्य शोधायची घाई झाली नसती असं माझं मत आहे.

आता याची किंमत. आपण समजतो की संवाद करणाऱ्याला त्रास समोरच्याकडून होतो. नाही हो, घरच्यांकडून होतो. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या, ज्यूंचे अमेरिकेतले सगळ्यात मोठे विद्वान, रब्बी सोलोवेचिक यांनी १९६४ मध्येच लेख लिहून भूमिका घेतली की गरिबी, न्याय, शांतता अशा सामाजिक प्रश्नांवर ख्रिश्चनांबरोबर काम करा, पण श्रद्धेच्या आतल्या गाभ्यावर चर्चा नको, ती दोन माणसांमध्ये होऊच शकत नाही आणि छोट्या समाजाने मोठ्या समाजापुढे आपली श्रद्धा वाटाघाटीला ठेवू नये. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी तर १९६७ मध्ये अशा बैठकांना जायलाच मनाई केली. माझी बाजू हेशेलची आहे, पण सोलोवेचिकांचा युक्तिवाद मी कधी उडवून लावत नाही. धर्मशास्त्रावर देवाणघेवाण सुरू झाली की समोरचा म्हणतो आम्ही हे सोडलं, आता तुम्ही काय सोडता? आणि मेजावर बसलेल्या माणसाला समाजाने अधिकार दिलेला नसतो असं काहीतरी तो सौजन्यापोटी देऊन बसतो. एकदा माझ्यासमोरच एका बैठकीत एक सज्जन गृहस्थ, ज्यूच, समारोपात बोलून गेले की शेवटी येशूही आमचाच एक संदेष्टा. टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं आपण फार उदार झालो. पण ज्यू धर्म असं मानत नाही, आणि समोरच्या फादरांनाही ते पुरेसं नव्हतं, त्यांच्यासाठी येशू संदेष्टा नाही, त्याहून कितीतरी जास्त आहे. एका वाक्यात दोन्ही धर्म चुकीचे सांगितले गेले. नंतर त्या फादरांनीच मला बाजूला घेऊन म्हटलं, प्लीज, आम्हाला बरं वाटावं म्हणून असं काही बोलत जाऊ नका.

हेशेलचा नियम उलटा होता, आंतरधर्मीय कामाला आधी स्वतःची श्रद्धा पक्की लागते. १९६५ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं, या प्रोटेस्टंट संस्थेत अशी नेमणूक होणारे ते पहिले ज्यू. त्यांची स्वतःची ज्यूईश सेमिनरी ब्रॉडवेवर समोरासमोरच म्हणावी अशी, मधे फक्त रस्ता. तिथले मोठे धर्मशास्त्री राइनहोल्ड नीबूर त्यांचे जिवलग मित्र, दोघं नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला जायचे. याच नीबूरनी १९५८ मध्येच ख्रिश्चनांना सांगितलं होतं की ज्यूंमध्ये मिशनरी काम करणं चूक आहे. १९७१ मध्ये नीबूर गेले तेव्हा अंत्यविधीला श्रद्धांजलीचं भाषण हेशेलनी केलं. माझ्या मते दोघांच्या मैत्रीचा पुरावा कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा हा आहे, की कुटुंबाने चर्चमधल्या विधीला रब्बीला बोलायला सांगितलं.

मार्टिन ल्यूथर किंगबरोबर २१ मार्च १९६५ ला अमेरिकेतल्या सेल्मामध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्च्यात पहिल्या रांगेत चालणारा तो पांढऱ्या दाढीचा माणूस, गळ्यात फुलांचा हार, तेही हेशेलच. नंतर ते म्हणाले की माझे पाय प्रार्थना करत होते. त्यांच्या ३१ मार्च १९६३ च्या बेआंबरोबरच्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीपेक्षा हा फोटो जास्त लोकांना माहीत आहे, साहजिक आहे, बंद खोलीत मसुद्यावर बोलणाऱ्या लोकांचा फोटो कोण बघणार.

आता करिअरचं. हेशेल नोकरीने प्राध्यापक होते, हे काम त्यांनी बरोबरीने केलं. पूर्णवेळ करणाऱ्यांमध्ये मार्क टॅननबाउम यांचं नाव घ्यायला हवं, बाल्टिमोरचे, १९२५ चा जन्म, अमेरिकन ज्यूईश कमिटीच्या आंतरधर्मीय विभागाचे प्रमुख म्हणून दोन दशकांहून जास्त काम केलं, परिषदेच्या काळात रोमला, आणि नंतर इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, लोकांशीसुद्धा, त्यांचे प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहम त्यांचे मित्र. १९७३ मध्ये ग्रॅहमनी जाहीरपणे सांगितलं की ज्यूंना वेगळं काढून त्यांच्यावर धर्मांतराचा मारा करणं बरोबर नाही, त्यामागे टॅननबाउमबरोबरच्या कित्येक वर्षांच्या गप्पा होत्या. आमच्या पिढीतले डेव्हिड रोझेन, इंग्लंडमध्ये जन्म, केपटाउनमध्ये रब्बी, तिथे वर्णभेदाविरुद्ध बोलले, १९७९ ते १९८५ आयर्लंडचे चीफ रब्बी, मग जेरुसलेम. व्हॅटिकन आणि इस्रायल यांच्यात ३० डिसेंबर १९९३ ला जो मूलभूत करार झाला त्याच्या वाटाघाटीत ते होते, २००५ मध्ये पोपने त्यांना नाइट हा किताब दिला. २००७ मध्ये दिल्लीत हिंदू आणि ज्यू धर्मगुरूंची पहिली शिखर बैठक झाली तिथेही ते होते.

म्हणजे करिअर आहे, पण जागा मोजक्या. ब्रिटनमध्ये कौन्सिल ऑफ ख्रिश्चन्स अँड ज्यूज १९४२ पासून आहे, आंतरराष्ट्रीय कौन्सिलचं ऑफिस जर्मनीत हेपेनहाइमला, ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर जिथे राहायचे त्या घरात. व्हॅटिकनमध्ये १९७४ पासून ज्यूंशी धार्मिक संबंधांसाठी वेगळा आयोग आहे. बाकी बहुतेक जण माझ्यासारखे, शिकवणं, भाषांतर, गट चालवणं यावर पोट. रोजचं काम म्हणजे पाठ्यपुस्तक आलं की परूशी, म्हणजे येशूच्या काळातल्या ज्यूंच्या एका पंथाच्या, लोकांबद्दल काय लिहिलंय ते तपासणं (परूशी म्हणजे ढोंगी हे समीकरण अजून पुस्तकांत सापडतं, आणि आजचे सगळे रब्बी त्या परूशांचेच वारसदार), बैठक शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नका म्हणून दहाव्यांदा फोन करणं, जेवण कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांप्रमाणे, मागवणं, आणि कुठेतरी सिनगॉगवर रंग फासला गेला की पहिला फोन बिशपांचा यावा इतकी ओळख आधीपासून जपून ठेवणं.

मराठी माणसाला हे सगळं लांबचं वाटेल, पण आमच्या समाजाला हा विषय घरचा आहे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, त्यांच्या शाळांमध्ये बेने इस्रायल मुलं शिकली, आमचे लोक मास्तर म्हणून लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. विचार करा, कोकणातले तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हणवले जाणारे आम्ही, हिब्रू जवळजवळ विसरलेले, आणि आमची स्वतःची पवित्र भाषा आम्हाला परत शिकवली कोणी, तर आम्हाला ख्रिश्चन करायला आलेल्या माणसांनी. शिकलो, आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिलो, कीर्तनं लिहिली, सिनगॉगं बांधली. मला विल्सनबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. पण त्या कृतज्ञतेत एक खडा आहे. माझ्या आजोबांना मिशन शाळेत पहिला नंबर आला म्हणून मराठी नवा करार बक्षीस मिळाला होता, पहिल्या पानावर सुंदर अक्षरात त्यांचं नाव आणि खाली ओळ की प्रभूने तुला प्रकाश दाखवावा. त्यांनी ते पुस्तक आयुष्यभर सांभाळलं, आणि आयुष्यभर ते सिद्दूरच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनापुस्तकाच्या, खालच्या फळीवर ठेवलं. मास्तरांवर जीव होता. पण मास्तर आपल्याकडे बघतात तेव्हा त्यांना मी दिसत नाही, उद्याचा ख्रिश्चन दिसतो, हेही त्या मुलाला कळत होतं. हेशेल रोममध्ये पोपसमोर जे वाक्य काढायला सांगत होते, ते आजोबांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं.

(त्याच १९६४ साली बेने इस्रायल इथे जेरुसलेममध्ये आंदोलन करत होते, कारण इथल्या रब्बी मंडळाला आम्ही पूर्ण ज्यू आहोत का याची शंका होती. शेवटी त्यांनी मान्य केलं. दुसऱ्याने आपल्याला आपण आहोत तसं मान्य करणं किती अवघड असतं ते फक्त ख्रिश्चनांनाच लागू नाही, एवढंच सांगायचंय.)

आणि ते एक वाक्य अजूनही पूर्ण सुटलेलं नाही बरं का. २००८ मध्ये जुन्या लॅटिन उपासनेसाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी उत्तम शुक्रवारची नवी प्रार्थना दिली, त्यात देवाने ज्यूंची अंतःकरणं प्रकाशित करावीत आणि त्यांनी येशूला ओळखावं असं परत आलं, आणि माझ्या ओळखीतले कितीतरी लोक ज्यांनी आयुष्य यात घातलं ते आठवडाभर गप्प होते. मग डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या आयोगाने लिहून दिलं की ज्यूंना उद्देशून कुठलंही संस्थात्मक मिशनरी काम कॅथलिक चर्च चालवत नाही आणि त्याला पाठिंबा देत नाही. हेशेलच्या मेमोरँडमनंतर त्रेपन्न वर्षांनी. हेशेल १९७२ मध्येच गेले होते. त्याच महिन्यात काही ऑर्थोडॉक्स रब्बींनीही निवेदन काढून ख्रिस्ती धर्माबद्दल मोकळेपणाने चांगलं लिहिलं, म्हणजे सोलोवेचिकांच्या बाजूचे लोकसुद्धा हलले.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कागदावर, साध्या माणसाला काय त्याचं. माझ्या आईची गोष्ट सांगते. ती इथे इस्रायलमध्ये अश्दोदला राहायची, शेवटची चार वर्षं तिची काळजी घ्यायला गोव्याची एक बाई होती, सासष्टीतली, कॅथलिक. अशा कितीतरी भारतीय बायका इथे हे काम करतात. दोघी अर्धी मराठी अर्धी कोकणी बोलायच्या. शनिवारी ती जाफाच्या चर्चमध्ये मिस्साला जायची कारण इथे रविवार कामाचा. एका वर्षी पेसाख हा आमचा सण आणि त्यांचा ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा एकत्र आले, आम्ही स्वयंपाकघर रिकामं करत होतो, पिठाचे डबे, पाव, बिस्किटं सगळं बाहेर, कारण पेसाखात खमीर घरात चालत नाही. ती स्टुलावर चढून वरची फळी पुसत होती आणि एकदम म्हणाली, मावशी, आमची आजी म्हणायची जुदेवांनी, म्हणजे ज्यूंनी, येशूला मारलं, तिला विचारलं असतं तर तिने मला इथे कामाला पाठवलंच नसतं. आई म्हणाली, आणि तू? तर ती म्हणाली, आम्हाला कॅटेकिझमला, धर्मशिक्षणाच्या वर्गात, सिस्टरने सांगितलं की तसं नाही, ते आपल्या सगळ्यांच्या पापांसाठी झालं आणि येशूची मायसुद्धा ज्यूच. आईने विचारलं, कुठल्या वर्षी शिकलीस? आणि ही हसायला लागली, मावशी वर्ष कशाला विचारता. पण मला समजलं आई का विचारतेय. आजी १९६५ च्या आधी शिकली होती, नात नंतर.

आणि गोवा म्हणजे कुठलं गोवा, जिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, जिथे गार्सिया द ऑर्ता हा मोठा वैद्य राहिला, मूळचा ज्यू घराण्यातला, त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळलं आणि तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली. त्या मातीतली मुलगी माझ्या आईच्या घरातलं खमीर शोधत होती, टॉर्च घेऊन, कपाटाच्या कोपऱ्यात, आमच्या नियमाप्रमाणे.

तर तुम्हाला यात पडायचं असेल तर मी सांगते कुठून सुरू करायचं. परदेशी कोर्स नंतर बघा. आधी हिब्रू अक्षरं शिका, दोन आठवड्यांत येतात. भायखळ्याच्या किंवा पुण्याच्या सिनगॉगमध्ये आधी फोन करून परवानगी घेऊन शनिवारी सकाळी मागच्या बाकावर बसा, काही लिहून घेऊ नका, शब्बाथला लिहीत नाहीत. आणि येत्या उत्तम शुक्रवारी वसईच्या एखाद्या चर्चमध्ये जा, तिथे मराठीत उपासना असते, दरवर्षी त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात. पूर्ण उभं राहून ऐका. 'यहूदी' हा शब्द किती वेळा येतो आणि दर वेळी कोण कोणाबद्दल बोलतंय ते लक्षात ठेवा. नंतर फादरांना भेटून विचारा की या वाचनानंतर तुम्ही प्रवचनात लोकांना काय सांगता, आणि ते जे सांगतील ते मधे न बोलता ऐकून घ्या, मग मला लिहा.